आफ्रियेची नदी

रविवार, ७ सप्टेंबर १९४७

ही वही आमच्या शाळेच्या मिस लॉरींनी दिली. पहिली सहा पानं फाडलेली आहेत. त्यांवर बहुधा त्यांनी स्कॉटलंडमधल्या बहिणीला पत्रं लिहिली असावीत. "रोज लिहायलाच हवं असं नाही," त्या म्हणाल्या, "पण लिहिशील ते खरं लिही."

खरं लिहायचं तर मला वहीपेक्षा तिच्यात ठेवलेल्या कागदाचा आनंद जास्त झाला. किनाऱ्यावरच्या मुलींच्या कॉलेजचा अर्ज. आमच्या असुआनो गावातून आजवर एकही मुलगी तिथे गेलेली नाही. माझं नाव, याआ अचिया, मिसनी आधीच टाइप केलं आहे. वय पंधरा. खाली एक रिकामी चौकट : पालकाची सही किंवा अंगठा. सहा डिसेंबरच्या बक्षीस समारंभात हा कागद शाळा चालवणाऱ्या मिशनच्या साहेबांच्या हाती द्यायचा. चौकट रिकामी राहिली तर जायचं नाही.

आमच्याकडे बाई लग्नानंतरही माहेरीच राहते, म्हणून संध्याकाळी रोजच्यासारखं आईच्या घरून बाबांच्या घरी जेवण घेऊन गेले. बाबा मागावर विणत होते. वाडगं खाली ठेवायच्या आधी मी कागद पुढे केला.

"इथे अंगठा लावा, बाबा."

"इथे? आणि उद्या तुझा मामा येऊन माझा अंगठा कापून नेईल, त्याचं काय?"

"पालक म्हणजे तुम्हीच ना?"

"मिसबाईंच्या गावात असेल तसं. मी तुला नाव दिलं, श्वास दिला. रक्त तुझ्या आईच्या घरचं. तुला कुठे पाठवायचं ते मामा ठरवणार." बाबांनी झाकण उघडून वास घेतला. "रस्सा झकास झालाय. गोगलगायी कुणी वेचल्या?"

मी वेचल्या होत्या. पण रागाने सांगितलं नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज जमिनीचा वार, शेतात कुणी कुदळ लावत नाही. म्हणून बेडियाकोमामा घरी सापडले. आईचे थोरले भाऊ. सध्या त्यांच्याकडे घराण्यातली म्हातारी माणसं येऊन उगाच बसतात. न्यार्को आजोबा, आमचे कुळप्रमुख, पावसाळ्यापासून अंथरुणावर आहेत. त्यांच्यामागे प्रमुख एक तर मामा होतील, नाही तर ताचिवा मावशीचा मुलगा अचाम्पोंगदादा. मी मध्येच गुडघे टेकून विषय काढला.

"कॉलेजात काय करतात?" मामांनी विचारलं.

"शिक्षिका करतात."

"आणि मग?"

"मग मी शिकवेन."

"कुठे?"

"पाठवतील तिथे."

मामांनी कोलाच्या कडू बीचा तुकडा तोंडात टाकला. "तुझे भाऊ हुशार असते तर उद्याच लॉरीत बसवलं असतं. मुलगे गेले तरी चालतं. घर पुढे जातं ते मुलीच्या पोटातून. तुझ्या आईला मुली किती? एक. माझ्या दुसऱ्या बहिणीला? एकही नाही. आमच्या शाखेची चूल तू आहेस. चूल उचलून किनाऱ्यावर पाठवू?"

"मी परत येईन, मामा."

"लॉरीवालाही जाताना असंच म्हणतो."

मग मी निबंधाचं सांगितलं. विषय 'माझं घराणं'. ज्याचा निबंध सगळ्यांत चांगला, त्याने तो समारंभात सगळ्या गावासमोर आपल्या भाषेत वाचायचा.

"असं? मग वाच. मी येतो ऐकायला. शाळेने तुला काय दिलं ते कानांनी ऐकू दे. अंगठ्याचं नंतर बघू."

म्हणजे आता सगळं निबंधावर आलं.

शनिवार, २० सप्टेंबर

अम्पोमाआजीने आधी मला हाकललं. ती न्यार्को आजोबांची बहीण. घराण्यात कुणी गेलं की प्रेताशेजारी उभं राहून विलाप तीच म्हणते. त्यात आमच्या सगळ्या पूर्वज बायकांची नावं येतात. मला ती नावंच हवी होती, म्हणून म्हटलं, "आजी, एकदा विलाप म्हण ना. मी लिहून घेते."

आजी शेंगा सोलत होती. मूठभर टरफलं तिने माझ्या अंगावर फेकली. "कार्टे! आत माझा भाऊ अजून श्वास घेतोय, आणि मी दारात बसून विलाप म्हणू? त्याला वाटेल, निघायची वेळ झाली."

"हळू म्हण."

"मरणाला ऐकू कमी येतं असं कुणी सांगितलं तुला? मिसबाईंनी?"

मी तिच्या शेंगा सोलायला बसले. टोपली भरल्यावर ती उठली. "गाणार नाही. सांगेन. आणि इथे नाही. ओढ्यापलीकडे चल."

पलीकडे कोकोच्या झाडांत उभं राहून तिने बाजारातल्या वस्तू सांगाव्यात तशी नावं सांगितली. प्रत्येकीचा बाप ज्या नदीकाठचा, त्या नदीचं पाणी तिच्या नावापुढे येतं. डुफी, ओफिनचं पाणी प्यायलेल्याची लेक. कोनाडू, तानोचं पाणी. अन्सा, अनुमचं पाणी. आफ्रिये... इथे आजीला खोकला आला. मग बिरागो, प्राचं पाणी. बिरागो माझी पणजी.

"आफ्रियेची नदी राहिली, आजी."

"मला तहान लागलीय," आजी म्हणाली आणि घराकडे वळली.

वयामुळे विसरली असणार. अन्साला दोन मुली. थोरलीपासून आजीची आणि ताचिवा मावशीची शाखा, आफ्रियेपासून आमची. सगळ्या यादीत एवढीच जागा रिकामी आहे, आणि ती नेमकी आमच्याच शाखेत. ती भरल्याशिवाय मी निबंध देणार नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज गावप्रमुखांच्या अंगणात निवाडा होता. ताडी पिऊन भांडताना एकजण शेजाऱ्याला म्हणाला होता, "तुझी पणजी कुणाच्या दोरीला बांधून या गावात आली ते मला ठाऊक आहे, आणि तू कुळप्रमुख व्हायला निघालास!" त्याला मेंढी कापून माफी मागावी लागली. प्रमुखांच्या वतीने बोलणाऱ्याने बजावलं, "या गावात आलेली बाई या गावची. कुठून आली, कुणी आणली, हे इथे कुणी उच्चारायचं नाही. खरं असलं तर मुळीच नाही."

हे मला पटलं नाही. खोटं बोलला असता तर मेंढी ठीक होती. गंमत म्हणजे, ज्याच्या बाजूने निकाल लागला तो शेजारी मान खाली घालून बसला होता. जिंकलेला माणूस असा बसतो का?

सोमवार, २९ सप्टेंबर

फार वाईट झालं. आम्ही जेवणासाठी उकडलेल्या कंदांचं फुफू कुटत होतो. मी उभी राहून मुसळ मारत होते आणि आई उखळात हात घालून गोळा उलटत होती. हे आम्ही रोज करतो. आई माझ्याकडे बघतसुद्धा नाही, नुसत्या आवाजावर हात आत घालते आणि काढते. मी सहज विचारलं, "आई, आफ्रियेची नदी कुठली गं?"

आईचा हात बाहेर आलाच नाही. मुसळ बोटावर बसलं.

ती ओरडली नाही. तुटलं नाही म्हणाली, पण बोट टम्म सुजलं आहे. मी कितीदा माफी मागितली. कुटताना बोललं की ताल चुकतो, हे मला कळायला हवं होतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

मिळाली! आणि कुणाकडे, तर ताचिवा मावशीकडे. तिच्याकडे जायचं मला आधी का सुचलं नाही? ती बाजाराच्या तोंडाशी पिकलेली केळी तळत होती.

"विचारायचं तर मला विचारावं, पोरी. म्हातारीला काय आठवणार?" तिने आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या पानावर आणखी दोन काप टाकले. "आफ्रियेची नदी ना? लांब आहे. आपलं रान संपून नुसतं गवत लागतं, त्याच्याही पुढे. उन्हाळ्यात आटते. माणसं वाळूतून चालत पलीकडे जातात."

"मग तिचा बाप तिकडचा?"

"असणारच की. बाप प्रत्येकीला असतो." मावशी हसली. "आणि तिच्या गालांवर रेघा होत्या. तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. तिकडे लहानपणीच कोरतात. माझ्या आजीने पाहिल्यात. तेही लिही, छान वाटेल ऐकायला."

गावाचं नावही सांगितलं : ———.

मी म्हटलं, "मावशी, मिस म्हणतात, कुणी सांगितलं तेही लिहायचं. तुझं नाव घालते."

मावशीने झारा तेलात बुडवला. "माझं नको गं. तूच शोधलंस म्हण. शाबासकी तुलाच मिळू दे. मी समारंभाला सगळ्यांत पुढे बसते की नाही बघ."

किती मोठं मन! आई तिच्याशी मोजकंच का बोलते, मला कळत नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

ओपारे मास्तरांनी निबंध तपासायला घेतला. एका जागी थांबले आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"हा परिच्छेद काढ, अचिया."

"चुकीचा आहे?"

"चुकीचा आहे असं मी म्हटलं नाही."

"मग बरोबर आहे?"

"तेही म्हटलं नाही."

"मग का काढू?"

"मी तुला गणितातली चूक दाखवू शकतो, अक्षर सुधार म्हणू शकतो. हे नाही सांगू शकत. सांगितलं की मी ते केलंच."

"काय केलंत?"

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "ओपारे मास्तरांनी हे पान वाचलेलं नाही. कुणी विचारलं तर असंच सांग."

मास्तरांच्या भाचीनेही कॉलेजसाठी अर्ज केला आहे. आता कळलं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

माझा निबंध निवडला गेला. गालावरच्या रेघांखाली मिस लॉरींनी दोनदा रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'उत्तम. हा पुरावा.' मी त्यांना विचारलं, मास्तर असं का म्हणाले असतील? त्या म्हणाल्या, शोध घेणाऱ्याने प्रश्नांना घाबरू नये.

मी घाबरत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

कोकोची तोडणी चालू आहे, लिहायला हात मोकळा नसतो. पण आजचं लिहायलाच हवं.

न्यार्को आजोबांना पाणी द्यायला गेले होते. ते हल्ली डोळे उघडतात, पण बघतात कुठे कळत नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "आफ्रियेआई, आलीस? डोकं दाब गं." मी दाबलं. त्यांनी अंगठा माझ्या गालावरून फिरवला, पुन्हा फिरवला, चाचपडल्यासारखा. "गेल्या? पुसल्या सगळ्या?" मग लहान मुलासारखं हसून म्हणाले, "बरं झालं. आता तुला कुणी काही म्हणायचं नाही."

म्हणजे रेघांची गोष्ट खरी! मावशीची एक साक्ष होती, आता आजोबांची दुसरी झाली. हे मी निबंधात वाढवणार आहे.

अम्पोमाआजी दारात उभी होती. डोळे पुसत होती. मी म्हटलं, "आजोबा तिला ओळखायचे?"

"आमची आई आमच्या लहानपणीच गेली. आम्हा दोघांना आफ्रियेनेच पाठीवर वाढवलं," आजी म्हणाली. "आता जा. कोको वाळत घाल."

मंगळवार, २ डिसेंबर

बाबांना जेवण देऊन त्यांच्यासमोर निबंध वाचला. ते एका हाताने खात ऐकत होते आणि मध्येमध्ये मान डोलवत होते. आफ्रियेपाशी आले तेव्हा त्यांनी अर्धा गोळा वाडग्यात तसाच ठेवून हात धुतला.

"वाईट झालंय?"

"फुफू?"

"निबंध, बाबा!"

"छान लिहिलंस. तू काहीही वाचलंस तरी माझी मुलगी आहेस." हात पुसत म्हणाले, "हे कुणाच्या तोंडचं?"

"मावशीने तिचं नाव सांगू नको म्हटलंय."

"मग सांगू नकोस," बाबा म्हणाले. पण हसले नाहीत.

मला रडू यायला लागलं. "तुम्ही सगळे असं का करता? चूक असेल तर चूक म्हणा!"

"मी त्या घरचा नाही, अचिया. तिथे मी तुझ्या आईचा नवरा. त्या घराबद्दल माझ्या तोंडाला कुलूप." त्यांनी माझ्या डोक्यावर वाडगं ठेवून दिलं. "जाताना अम्पोमाआजीकडे जा. म्हणावं, बाबांनी विचारलंय, ओढ्याला पाणी आहे का."

मी तसं सांगितलं. आजीने तोंडातली चिलीम काढली. "त्याला म्हणावं, आहे. भरपूर आहे." आणि मला म्हणाली, "आता मामाला माझ्याकडे पाठव."

ओढा बाबांच्या दारासमोरून वाहतो. आजीला काय विचारायचं त्यात?

शुक्रवार, ५ डिसेंबर

मामा चटयांवर कोकोच्या बिया लाकडी दाताळ्याने खालीवर करत होते. मला बघून थांबले नाहीत.

"उद्या तू काय वाचणार ते मला कळलंय."

"कुणी सांगितलं?"

"घराला भिंती असतात. आपल्या घराला अम्पोमाआजीही आहे."

"आफ्रियेचं काढू का, मामा? मास्तर म्हणतात काढ, मिस म्हणतात ठेव, आई काहीच म्हणत नाही."

"मी काढ म्हटलं तर लोक विचारतील, मामाने का काढायला लावलं. ठेव म्हटलं तर विचारतील, का ठेवलं. म्हणून मीही काही म्हणत नाही." दाताळं सरसर फिरत होतं. "एवढंच कर. त्या नावाशी आलीस की वहीतून मान वर काढ. आधी आईकडे बघ. मग माझ्याकडे. मग तुला जे वाचायचं ते वाच."

"आणि अर्ज?"

"उद्याचं उद्या."

म्हणजे चांगलं वाचलं तर अंगठा, नाही तर नाही. अर्ज ओपारे मास्तरांच्या टेबलावर आहे, फाटकापाशी. चौकट अजून रिकामी आहे.

शनिवार, ६ डिसेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

उत्तरेकडचा कोरडा वारा सकाळपासून सुटला होता. शाळेच्या पटांगणावर धूळ, सगळ्यांचे ओठ फुटलेले. मिशनचे साहेब मध्यभागी, त्यांच्या बाजूला मिस. ताचिवा मावशी खरंच सगळ्यांत पुढे, नव्या कापडात, शेजारी अचाम्पोंगदादा. त्यांच्यामागे घराण्यातली म्हातारी माणसं. मामा फाटकापाशी मास्तरांशी बोलत राहिले आणि सगळ्यांत शेवटी येऊन बसले. आई बायकांत. अम्पोमाआजी काठी टेकत आली आणि बसलीच नाही.

माझं नाव पुकारलं. सुरुवातीला घाईत वाचलं, मग सूर लागला. डुफी, ओफिनचं पाणी. म्हाताऱ्यांनी हुंकार भरला. कोनाडू, तानोचं पाणी. पुन्हा हुंकार. अन्सा, अनुमचं पाणी. पुढची ओळ आफ्रियेची. मी मान वर काढली.

आई जमिनीकडे बघत होती. तिचा हात मांडीवर होता. मी चेचलेलं बोट अजून वाकडंच आहे, नख काळं. ती अगदी त्या माणसासारखी बसली होती, गावप्रमुखांच्या अंगणात निवाडा जिंकून मान खाली घालून बसलेल्या त्या माणसासारखी.

मग मी मामांकडे पाहिलं. ते नेहमीसारखे ताठ होते, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. उजवा अंगठा पेरापर्यंत निळा होता. तसली शाई फक्त मास्तरांच्या टेबलावर असते. मी वाचायला उभी राहायच्या आधीच मामांनी अंगठा लावला होता.

साहेबांनी मिसच्या कानात काहीतरी विचारलं. ताचिवा मावशी पुढे झुकली होती आणि तिचे ओठ हलत होते, मी अडखळले आहे आणि ती मला पुढचा शब्द सुचवते आहे तसे. तिच्या तोंडाकडे बघताना मला सगळं एकदम कळलं. आजीचा खोकला, आईचं बोट, बाबांनी धुतलेला हात, त्यांचा ओढ्याचा निरोप, आजोबांचा अंगठा. काय कळलं ते मी इथे लिहिणार नाही. मास्तर बरोबर म्हणाले होते. सांगितलं की ते केलंच.

वहीतलं वहीत राहिलं. मी म्हणाले :

"आफ्रिये, जी असुआनोच्या ओढ्याचं पाणी प्यायली, आणि जिने आम्हाला पाजलं."

मग मागून अम्पोमाआजीने काठी आपटली आणि लांब हुंकार भरला. तिच्यामागून बायकांनी, मग म्हाताऱ्यांनी. शेवटचा हुंकार मामांचा होता. तो मला वेगळा ओळखू आला. मी बिरागो आणि प्राचं पाणी वाचून टाकलं आणि खाली बसले. मावशी टाळ्या वाजवत होती, कारण सगळेच वाजवत होते.

नंतर मिसनी गाठलं. "वहीत दुसरं होतं, अचिया."

"हो, मिस."

"दोन साक्षी होत्या तुझ्याकडे."

"होत्या."

"मग ते खोटं होतं?"

"खोटं होतं असं मी म्हटलं नाही, मिस."

बक्षिसाचा शब्दकोश त्यांनी दिला, पण तो देताना माझं नाव घेतलं नाही. हे मला फार लागलं. त्यांना सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

घरी जाताना मामा गवतावर अंगठा घासत होते. "जात नाही ही शाई."

"मामा, तुम्ही तर आधी ऐकणार होतात. मग आधीच का लावलात?"

"नंतर लावला असता तर वाटलं असतं, मी तुझं तोंड विकत घेतलं." चार पावलं गेल्यावर म्हणाले, "आवाज खणखणीत आहे तुझा. मागपर्यंत ऐकू येतो." आणखी चार पावलांनी, "परत येईन म्हणालीस ते लक्षात आहे माझ्या."

रविवार, ७ डिसेंबर

२ ऑक्टोबरच्या पानावर एका गावाचं नाव होतं. आज त्याच्यावर शाई फिरवली, तिथे काही दिसणार नाही इतकी. निबंधाचं मूळ पान चुलीत टाकलं. या वहीतलं बाकीचं मात्र तसंच ठेवलं आहे, कारण मिस म्हणाल्या होत्या, खरं लिही. वही माझ्या पेटीत तळाशी राहील.

संध्याकाळी आईने स्वतःच मुसळ माझ्या हातात दिलं आणि उखळापाशी बसली. वाकडं बोट गोळ्याखाली घातलं. मी काही विचारलं नाही. ताल बरोबर लागला.

मग मध्येच ती म्हणाली, "तिला गाणं फार यायचं म्हणे." कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी १९४८

न्यार्को आजोबा बुधवारी गेले. सगळं घर तांबड्याकाळ्या कापडांत. बंदुकांचे बार अजून चालू आहेत. नवा कुळप्रमुख चाळिसाव्या दिवसानंतर ठरेल. पण आज पूर्वजांच्या नावाने जमिनीवर दारू ओतायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्यांनी पेला मामांच्या हातात दिला. कुणी हरकत घेतली नाही.

अम्पोमाआजीने विलाप म्हटला. चार महिने ज्याची वाट पाहिली तो मला अशा दिवशी ऐकायला मिळाला. दोन्ही हात डोक्यावर ठेवून ती भावाच्या पायांपासून डोक्यापर्यंत आणि परत अशा येरझाऱ्या घालत होती. ओढ्यापलीकडे सांगितलेली ती यादी ही नव्हेच. प्रत्येक नावाला ती हाक मारत होती, ती बाई पलीकडच्या खोलीत आहे आणि आता येईल अशी. ये डुफी, तुझ्या ओफिनचं पाणी घेऊन ये, तुझ्या लेकराला तहान लागली आहे. ये कोनाडू. ये अन्सा.

मी खोकल्याची वाट बघत होते.

आजी खोकली नाही. तिने मान वर केली आणि सगळ्यांपेक्षा वरच्या सुरात म्हटलं, "ये आफ्रिये, असुआनोच्या ओढ्याचं पाणी प्यायलेली, आम्हाला पाजणारी, ये, तुझ्या पाठीवरचं पोर झोपलं आहे."

बायकांनी ओळ उचलली. ताचिवा मावशी आजीच्या शेजारीच होती, तिलाही उचलावी लागली. ती खरोखर रडत होती. तिचाही तो मामाच होता. रडताना मावशीचा आवाज सगळ्यांत गोड लागतो.

सोमवार, १९ जानेवारी

पेटी लॉरीच्या टपावर बांधली आहे. आई उकडलेलं कोनफळ पानात बांधून देऊन मागे उभी राहिली. बाबांनी स्वतः विणलेली पट्ट्यांची शाल दिली. बाप म्हणून देतोय, मामाला विचारावं लागत नाही, म्हणाले. मामा ड्रायव्हरला तिसऱ्यांदा दम देत होते. मिस लॉरीही आल्या. त्यांनी एक कोरी वही दिली आणि हातात हात घेऊन थोडा वेळ धरून ठेवला. त्यांचा राग गेला आहे की नाही, मला सांगता येणार नाही.

अम्पोमाआजी चिलीम ओढत लॉरीच्या फळीला टेकून उभी होती. मी वाकून हळूच विचारलं, "आजी, विलापात आफ्रियेची ती ओळ कधीपासून आहे?"

"कुठली ओळ?"

"ओढ्याची."

आजीने धूर सोडला. मिशनच्या साहेबांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "कधीपासून म्हणजे? माझी आई म्हणायची. तिची आई म्हणायची. इतकी वर्षं तुझे कान कुठे होते, पोरी?"

"आजी..."

"लिहून घे नीट. नाही तर तिकडे जाऊन विसरशील."

मी नवी वही गुडघ्यावर उघडली आणि पहिल्या पानावर ओळ उतरवली. खाली लिहिलं : सांगणारी, अम्पोमा, असुआनो. तिने आईकडून ऐकलेली.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे, कारण तेवढ्यात लॉरी सुटली.